तिकडची झेडपी चालते, मग इकडची काउंटी का नाही? : ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना खुलं पत्र

नमस्कार ॲडमिन मंडळी, आणि ग्रुपवरचे सगळे काका-काकू, दादा-वहिनी आणि गेल्या दोन-चार वर्षांत आलेली नवीन पोरं,

गेल्या रविवारी रात्री मी आपल्या मराठी ग्रुपवर सहा ओळींचा एक मेसेज टाकला होता. 17 मार्च 2026 ला इलिनॉयची प्रायमरी आहे (नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक), शिकागो आणि आसपासची उपनगरं येतात त्या कुक काउंटीच्या बोर्डाच्या प्रेसिडेंटची लढत त्यात आहे, ज्यांची सिटिझनशिप झालीये त्यांनी आपलं मतदान केंद्र बघून ठेवा, बस. अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा असं एक अक्षर नव्हतं. सकाळी चहाचा कप घेऊन फोन उघडला तर मेसेज गायब, आणि खाली दोन हात जोडलेले इमोजी, "ताई, नो पॉलिटिक्स प्लीज".

बरं, ठीक. पण त्या इमोजीच्या वर काय होतं तेही सांगते. वर एकशे चाळीस मेसेज होते गावाकडच्या झेडपीचे. कुणाला तिकीट मिळालं, कुणाचं कापलं, कोण कुठल्या गटातून कुठे गेला, रात्री दोन वाजेपर्यंत दोन डॉक्टर आणि एक आर्किटेक्ट यावर हमरीतुमरीवर आले होते. त्यातलं एकही डिलीट झालं नाही. म्हणजे ज्या जिल्ह्यात आपण आता मतदार नाही तिथलं राजकारण म्हणजे गप्पा, आणि ज्या काउंटीत आपण घर घेतलं, टॅक्स भरतो, पोरं वाढवली तिथली साधी तारीख सांगितली की ते पॉलिटिक्स. हे काही मला गप्प बसून गिळता येईना, म्हणून हे पत्र, आणि उघडच लिहितेय कारण प्रश्न एका ग्रुपचा नाहीये, शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स, पॅलटाइन, डेस प्लेन्स, स्कोकी, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. (नेपरविलवाले, तुम्ही हसू नका, तुमची काउंटी वेगळी असली तरी सवय तीच आहे.)

माझं काय अडलंय ते आधी सांगते. माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घरात झेडपीचा अध्यक्ष कोण हा राजकारणाचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता, बदली कुठे होणार, पगार कधी होणार, शाळेची कौलं कधी शाकारणार, सगळं तिथून. त्यामुळे इथे आल्यावर काउंटी म्हणजे काय हे मला दोन मिनिटांत कळलं, आपला जिल्हाच की हा. फरक एवढाच की तिकडे झेडपीचा अध्यक्ष सदस्य निवडतात आणि इथे काउंटी बोर्डाचा प्रेसिडेंट थेट लोक निवडतात. म्हणजे इथे आपल्या हातात जास्त आहे! आणि 2022 मध्ये मी पहिल्यांदा इलेक्शन जज म्हणून बसले, नाव भारदस्त आहे पण काम म्हणजे टेबलामागे बसून यादीत नाव शोधायचं, सही घ्यायची, बॅलट द्यायचं. पहाटे पाचला पोचायचं, सहाला दार उघडायचं, संध्याकाळी सातला बंद. त्या वर्षी प्रायमरी मार्चऐवजी 28 जूनला होती, अख्ख्या दिवसात माझ्या टेबलावर तीन मराठी आडनावं आली, आणि त्यातलं एक माझ्याच नवऱ्याचं. बाकीचे सुट्टीला पुण्या-नाशकात, आणि जे इथे होते त्यांना माहितीच नव्हतं. नोव्हेंबरात मात्र तुम्ही सगळे आलात, छान कपडे घालून, मतदानाच्या स्टिकरबरोबर सेल्फी काढायला. माझी तक्रार इथे सुरू होते.

कुक काउंटीत नोव्हेंबर म्हणजे वरात. लग्न आधीच प्रायमरीत लागलेलं असतं, कारण इथे बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडून येतो.

हे हवेत बोलत नाहीये, ज्या बाई 2010 पासून काउंटी बोर्डाचं प्रेसिडेंटपद सांभाळतायत त्यांचाच प्रवास बघा. टोनी प्रेकविंकल. मूळच्या मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या, शिकागो युनिव्हर्सिटीत शिकायला आल्या आणि इथल्याच झाल्या, दहा वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला, आपल्या मास्तरीणबाईच म्हणा. शिकागोच्या चौथ्या वॉर्डातून नगरसेवकपदाला उभ्या राहिल्या 1983 मध्ये, हरल्या. परत 1987, परत हरल्या. दोन्ही वेळा समोर तेच टिमथी इव्हान्स. 1991 मध्ये तिसऱ्यांदा त्याच माणसासमोर, गोष्ट रनऑफला, म्हणजे पहिल्या दोघांच्या दुसऱ्या फेरीला गेली, आणि बाई जिंकल्या किती मतांनी? 109.

एकशे नऊ हो. आपल्या गणपतीला महाप्रसादाच्या रांगेत मोदक संपतायत की काय म्हणून मान वर करून बघणारी माणसं याच्यापेक्षा जास्त असतात. त्या 109 मतांवर एकोणीस वर्षांचं नगरसेवकपद उभं राहिलं, ओबामांचं केनवुडमधलं घर त्यांच्याच वॉर्डात, आणि त्यावरच पुढे काउंटीचं सगळं. गंमत म्हणजे हरलेले इव्हान्ससाहेब पुढे 2001 मध्ये काउंटीच्या सर्किट कोर्टाचे चीफ जज झाले आणि वीसेक वर्षांवर त्या खुर्चीत राहिले, म्हणजे प्रेकविंकल बाई बजेट करणार आणि ज्यांना हरवलं ते कोर्टासाठी पैसे मागणार. 2017 च्या शेवटी तर कपातीवरून त्यांनी थेट दावाच ठोकला. जुनं वॉर्डातलं भांडण असं वर चढत जातं, हे आपल्याला नवीन नाही.

आता 2010. त्याच्या आधीचं रामायण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जॉन स्ट्रोजर 1994 पासून प्रेसिडेंट, काउंटीच्या मोठ्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे. 2006 च्या मार्चमध्ये प्रायमरीला आठवडा उरलेला असताना त्यांना स्ट्रोक आला, तब्येत नेमकी कशी आहे ते लोकांना धड सांगितलं गेलं नाही, तरी ते प्रायमरी जिंकले. मग उन्हाळ्यात ते बाजूला झाले आणि पक्षाच्या कमिटीवाल्यांनी बॅलटवर त्यांच्या जागी कुणाचं नाव घातलं? मुलाचं, टॉड स्ट्रोजर यांचं. नोव्हेंबरात ते निवडूनही आले. गादी कशी चालते हे मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, पण आपण समजतो की हे फक्त आपल्याकडेच होतं, तर नाही हो, शिकागोत आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि आपल्यातले निम्मे तेव्हा इथेच राहत होते.

टॉडसाहेबांनी 2008 मध्ये काउंटीचा सेल्स टॅक्स एक टक्क्याने वाढवला, लोक भडकले, आणि 2 फेब्रुवारी 2010 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत चौघांच्या लढतीत प्रेकविंकल बाईंना 49 टक्के मिळाले आणि खुर्चीवर बसलेल्या टॉड स्ट्रोजरना साधारण 14. सत्तेतला माणूस 14 टक्क्यांवर! हे फेब्रुवारीच्या थंडीत झालं, बर्फ तुडवून जे गेले त्यांनी केलं. नोव्हेंबरात बाई आरामात निवडून आल्या, तो फक्त सोपस्कार होता.

पुढचं भराभर सांगते. 2014 ला लढतच नव्हती. 2018 ला प्रायमरीत बॉब फिओरेट्टी समोर होते, त्यांना हरवलं, आणि नोव्हेंबरात त्या ओळीत बाईंचं एकटीचं नाव. तुमच्यातल्या एका दादांनी त्या वेळी मला बाहेर येऊन विचारलं होतं की हे काय, एकच नाव, ही काय निवडणूक झाली? दादा, निवडणूक झाली होती, मार्चमध्ये, तुम्ही नव्हता. 2022 ला प्रायमरीत रिचर्ड बॉयकिन, तेही हरले, आणि नोव्हेंबरात परत फिओरेट्टी, या वेळी रिपब्लिकन म्हणून, निकाल तोच. म्हणजे चार वेळा निवडून आल्या आणि एकदाही नोव्हेंबरात जीव टांगणीला लागला नाही. मधे 2019 ला शिकागोच्या मेयरपदासाठी उभ्या राहिल्या, त्यात शिकागोचे नगरसेवक एड बर्क यांच्या फेडरल केसमध्ये बाईंच्या प्रचारासाठी एका रेस्टॉरंटवाल्याकडून देणगी काढल्याचा विषय निघाला, बाईंवर स्वतःवर कसलाही आरोप ठेवला गेला नाही पण चर्चा व्हायची ती झाली, आणि रनऑफमध्ये लोरी लाइटफूटनी त्यांना पन्नासच्या पन्नास वॉर्डांत हरवलं. स्वतःच्या जुन्या चौथ्या वॉर्डातसुद्धा. म्हणजे बाई हरत नाहीत असं नाही. लोक आले की हरतात, लोक आले की जिंकतात, प्रश्न लोक येण्याचा आहे.

मी त्यांची भक्त नाही आणि विरोधकही नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते नाहीतर उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट फिरवेल. त्यांच्या काळात काउंटीने कर्जबाजारी पेशंटची हॉस्पिटलची बिलं माफ करायचा कार्यक्रम काढला, 3,250 कुटुंबांना दोन वर्षं महिन्याला 500 डॉलर दिले, यातलं मला काही पटतं, काही नाही. पण सेल्स टॅक्सचं बघा. टॉडसाहेबांचा टॅक्स काढते म्हणून आल्या, 2013 पर्यंत उरलेला काढलाही, शब्द पाळला, आणि 2015 मध्ये पेन्शनचं कारण देऊन तोच एक टक्का परत लावला. पेन्शनचा खड्डा खरा होता, मान्य. पण मग 2018 च्या प्रायमरीत आपल्यातल्या कुणी जाऊन विचारलं का?

आणि कोल्ड्रिंकचा टॅक्स विसरलात? दर औंसाला एक सेंट. नोव्हेंबर 2016 ला बोर्डात 8 विरुद्ध 8 झालं आणि बाईंनी स्वतःचं मत टाकून तो पास केला. 2 ऑगस्ट 2017 ला लागू झाला आणि तेव्हा मात्र याच ग्रुपवर "नो पॉलिटिक्स" कुणाला आठवलं नाही, शेजारच्या ड्यूपेज काउंटीतल्या कुठल्या दुकानात दोन लिटरची बाटली केवढ्याला याचे फोटो फिरत होते, एका वाढदिवसाला तर यजमान काउंटी ओलांडून डिकी भरून आले. लोकांनी इतका आरडाओरडा केला की दोन-सव्वादोन महिन्यांत बोर्डाने तो रद्द केला आणि 1 डिसेंबरपासून गेला. ओरडल्यावर ऐकू जातं, हे तेव्हा दिसलं ना? पण पेप्सीसाठी ओरडलो.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलांसाठी कुठे ओरडलो? दुसऱ्या हप्त्याची मुदत साधारण ऑगस्टची, पण 2022 मध्ये ती 30 डिसेंबरवर गेली, 2023 मध्ये 1 डिसेंबर, 2024 ला कशीबशी 1 ऑगस्ट जमली, आणि 2025 मध्ये परत 15 डिसेंबर. या खेपेला कारण कॉम्प्युटर सिस्टिम. ती बदलायला 2015 साली टायलर टेक्नॉलॉजीज कंपनीशी करार झाला, दहा वर्षं उलटली तरी बदलाबदल सुखरूप पार पडली नाही. ग्रुपवर निम्मे लोक सॉफ्टवेअरचे आहेत, रोज मायग्रेशन आणि गो-लाइव्ह करतात, तुमच्या प्रोजेक्टला दहा वर्षं कुणी दिली असती का सांगा. यात एकट्या प्रेसिडेंटचा दोष नाही, घरांची किंमत ठरवणारा असेसर वेगळा निवडून येतो, ट्रेझरर वेगळा, क्लार्क वेगळा, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण बिलातला मोठा हिस्सा शाळांना जातो, बिल उशिरा म्हणजे शाळेचे पैसे उशिरा, आणि अडलेल्या शाळा-लायब्ररींसाठी काउंटीला बिनव्याजी कर्जाची सोय करावी लागली. ज्या स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघून आपण घरं घेतली, त्याच शाळा.

आता सांगा, "काउंटीचा आपल्याशी काय संबंध" असं जे एका काकांनी लिहिलं त्यांना काय उत्तर देऊ? काका, 2020 च्या जनगणनेत 52 लाखांवर माणसं या काउंटीत, लॉस एंजेलिसनंतर देशात दुसरा नंबर, वर्षाचं बजेट साधारण 10 अब्ज डॉलर, 17 कमिशनर, हॉस्पिटलं, जेल, कोर्टांचा खर्च. आणि तुम्ही दर रविवारी बसी वूड्सला चालायला जाता ना, एल्क बघता, नातवंडांना दाखवता? ती फॉरेस्ट प्रिझर्व्ह आहे, म्हणजे काउंटीचं राखीव जंगल, आणि त्याच्या बोर्डाच्या प्रेसिडेंटही याच बाई. आपल्या पिकनिकची परवानगी तिथूनच येते.

खरं कारण मला माहितीये, भीती. प्रायमरीत टेबलावर सांगावं लागतं की डेमोक्रॅटिक बॅलट हवंय की रिपब्लिकन, आणि तुम्ही कुठलं घेतलं त्याची नोंद राहते, ती कुणालाही बघता येते. आपल्या लोकांना हे आवडत नाही, ऑफिसात कळलं तर, शेजाऱ्याला कळलं तर. अहो पण मत कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही, बॅलट घेतलं म्हणजे पक्षाचे मेंबर झालात असंही नाही, नोव्हेंबरात तुम्ही पाहिजे त्याला मत द्यायला मोकळे. माझ्यासमोर एक बाई कुजबुजत सांगायच्या, जणू मेडिकलमध्ये औषध मागतायत. मी तितक्याच हळू आवाजात बॅलट दिलं.

तर आता माझ्या मागण्या, साध्या आहेत.

माझा मेसेज परत टाकू द्या. उमेदवाराचा प्रचार नको, मीही करणार नाही, पण तारीख, केंद्र, अर्ली व्होटिंग, पोस्टाने बॅलट कसं मागवायचं, ही माहिती चालेल असा नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा. आणि जर "नो पॉलिटिक्स" म्हणजे खरंच नो पॉलिटिक्स असेल तर झेडपीच्या तिकिटांनाही तोच नियम लावा, मग बघू किती दिवस ग्रुप चालतो ते.

या वर्षी पाडवा 19 मार्चला आहे आणि प्रायमरी 17 ला. पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम, ढोल, श्रीखंडाची ऑर्डर यासाठी रोज झूम होतायत, त्यातल्या एका झूममध्ये मला दहा मिनिटं द्या. नागरिकांनी काय करायचं ते सांगते. ग्रीन कार्ड आणि एच-वनवाल्यांना सांगायचंय की तुम्ही चुकूनसुद्धा रजिस्टर करू नका, मत देऊ नका, फार महागात पडतं, पण घरातल्या नागरिकाला गाडीत घालून न्या. आणि तुमच्या घरातली सतरा वर्षांची पोरं, जी 3 नोव्हेंबरपर्यंत अठराची होतायत आणि नागरिक आहेत, ती इलिनॉयमध्ये प्रायमरीला मत देऊ शकतात, हे किती आईबापांना माहितीये? रजिस्ट्रेशन राहिलं असेल तर त्या दिवशी दोन ओळखपत्रं घेऊन केंद्रावरही होतं, त्यातल्या एकावर सध्याचा पत्ता हवा.

तिसरं, उमेदवारांना बोलवा. प्रेकविंकल बाई पाचव्यांदा उभ्या आहेत, समोर शिकागोच्या 42 व्या वॉर्डाचे नगरसेवक ब्रेंडन रायली आहेत. दोघांनाही निमंत्रण द्या, रिपब्लिकन बाजूच्यांनाही द्या, नाही आले तर नाही आले, निमंत्रण गेलेलं तरी असेल. हॉल आहे, माइक आहे, समोसे आहेत. बाईंना विचारायचं, पुढचं बिल वेळेवर येणार का आणि नाही आलं तर जबाबदार कोण, एक नाव सांगा. रायलींना विचारायचं, तुमचा वॉर्ड डाउनटाउनचा, आमच्या उपनगरांचं तुम्हाला काय माहितीये. दोघांनाही विचारायचं, सेल्स टॅक्सचं पुढे काय. शाल-श्रीफळ देऊन फोटो काढून पाठवायचं असेल तर मात्र बोलवूच नका, त्याने काही होत नाही.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर ग्रुपवर दोन ओळींत कारण लिहा. हात जोडलेला इमोजी हे कारण नाही.

17 तारखेला सेंट पॅट्रिक्स डे आहे, आणि प्रेकविंकल बाईंचा एकोणऐंशीवा वाढदिवसही, ते एक असो. मी त्या दिवशी पहाटे पाचपासून ड्यूटीवर आहे, डब्यात थालीपीठ असेल, टेबलावर आडनावं मोजणार आहे. मेसेज आज रात्री नऊ वाजता परत टाकतेय. डिलीट करायचा असेल तर आधी फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच.

तुमचीच,
शॉमबर्गची एक ताई
(टेबल नंबर विचारू नका, यादीत नाव कुठल्याही टेबलावर सापडतं)